विश्लेषण : डॉक्टर होण्यासाठी बँकेचे कर्ज... पहिला हप्ता येतो तेव्हा विद्यार्थी कुठे असतो?

वैद्यकीय प्रवेशाच्या फेरीची निवड यादी लागली, की घरात पेढे आणि धावपळ एकाच वेळी सुरू होते. यादीत नाव आले, महाविद्यालय मिळाले. आता ठरलेल्या तारखेच्या आत मूळ कागदपत्रे आणि पहिल्या वर्षाच्या शुल्काचा डीडी घेऊन हजर व्हायचे. हाताशी मोजके दिवस असतात. बँकेला कर्ज मंजूर करायला मात्र आठवडे लागू शकतात. या मधल्या दिवसांत कोणी सोने गहाण ठेवते, कोणी पतसंस्थेतून चढ्या दराने पैसे उचलते, तर कोणी समोर येईल त्या वित्तसंस्थेच्या कागदावर सही करते. घाईत केलेला हा व्यवहार पुढे वीस वर्षे कुटुंबासोबत राहतो.

शैक्षणिक कर्जाची चर्चा बहुतेक वेळा ‘व्याजदर किती’ या प्रश्नावर थांबते. वैद्यकीय शिक्षणासाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, पहिला हप्ता कधी सुरू होतो आणि त्या दिवशी विद्यार्थी कमावता असतो का? 

हा प्रश्न किती जणांचा?

‘नीट-यूजी २०२५’ परीक्षा २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. त्यातील १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि त्यातील मोठा वाटा खासगी व अभिमत संस्थांमध्ये आहे. सरकारी महाविद्यालयातील शुल्क अनेक कुटुंबांना पेलते. ती जागा थोडक्यात हुकली की आकडा एकदम बदलतो.

राज्यातील खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संस्थेगणिक वेगळे असते. संस्थास्तरीय कोट्यातील जागेसाठी त्याच्या अनेक पट रक्कम मोजावी लागते. काही अभिमत विद्यापीठांत वार्षिक शुल्कच २० लाख रुपयांच्या पुढे आहे. म्हणजे गुणवत्ता यादीतील थोड्याशा फरकामुळे एका कुटुंबाला कर्जाची गरजच पडत नाही आणि दुसऱ्याला राहते घर तारण ठेवावे लागते.

कर्ज एकदम मिळते की टप्प्याटप्प्याने?

शैक्षणिक कर्ज प्रत्यक्षात पतमर्यादेसारखे चालते. बँक संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च पाहून एकदाच मर्यादा मंजूर करते. पैसे मात्र वर्षावर्षाला, बहुतेकदा थेट महाविद्यालयाच्या खात्यात जातात. जेवढी रक्कम उचलली, तेवढ्यावरच व्याज लागते. ३६ लाख मंजूर झाले आणि पहिल्या वर्षी आठ लाख दिले गेले, तर पहिल्या वर्षीचे व्याज आठ लाखांवरच.

शिकवणी शुल्काबरोबर वसतिगृह, परीक्षा, पुस्तके, उपकरणे हा खर्चही या मर्यादेत बसवता येतो. मात्र तो अर्ज करतानाच दाखवावा लागतो. पहिल्या वर्षाच्या शुल्कावरून गणित मांडून मर्यादा मंजूर करून घेतली आणि पुढे शुल्क वाढले, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाढीव रकमेसाठी पुन्हा बँकेच्या दारात उभे राहावे लागते. तेव्हा विद्यार्थी अर्ध्या वाटेवर असतो आणि घासाघीस करण्याची ताकद उरलेली नसते.

चार लाखांपेक्षा मोठ्या कर्जात बँका साधारणपणे देशांतर्गत शिक्षणासाठी ५ टक्के रक्कम कुटुंबाने स्वतः भरावी अशी अट घालतात. ही रक्कम प्रत्येक वर्षीच्या उचलीबरोबर द्यावी लागते, हे अनेकांना दुसऱ्या वर्षी कळते.

तारणाचा प्रश्न कुठे अडतो?

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेवर बहुतेक सरकारी बँकांचे नियम बेतलेले आहेत. चार लाखांपर्यंत तारण नाही. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत तारणाऐवजी जामीनदार किंवा सरकारी पतहमी चालते. साडेसात लाखांच्या वर मात्र बँक मूर्त तारण मागते. त्यात फ्लॅट, घर, बिगरशेती भूखंड, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी चालते. खासगी महाविद्यालयातील एमबीबीएसचा खर्च ही रेषा सहसा पहिल्या-दुसऱ्या वर्षातच ओलांडतो.

ग्रामीण महाराष्ट्राची अडचण इथे सुरू होते. कुटुंबाकडे पाच-सहा एकर बागायती असते, सातबाऱ्यावर नाव असते, गावात पत असते. तरीही बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. त्यामागे कायद्याचे कारण आहे. थकलेल्या कर्जासाठी न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना ‘सरफेसी’ कायद्याने दिला, पण त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी ठेवलेली ही तरतूद त्याच्याच मुलीच्या प्रवेशाच्या वेळी आड येते.

गावठाणातील घराचीही अशीच गत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो, पण बँकेच्या वकिलाला मालकीची सलग साखळी हवी असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ज्या गावांत मालमत्ता पत्रके तयार झाली, तिथे हा प्रश्न थोडा सुटतो. ज्यांच्याकडे पत्रक नाही, त्यांनी निकालाची वाट न पाहता ते मिळवण्याच्या मागे लागावे. शोध अहवाल, मूल्यांकन आणि गहाणखताची नोंदणी यांचा खर्चही वेगळा धरावा.

तारण नसेल तर काही खासगी वित्तसंस्था कर्ज देतात. त्यांचा दर बँकेपेक्षा चढा असतो आणि अनेकदा शिक्षण सुरू असतानाच दरमहा व्याज किंवा त्याचा काही भाग भरावा लागतो. तो पर्याय वाईटच असतो असे नाही. पण दरमहा किती आणि कोणत्या महिन्यापासून, हे लेखी घेतल्याशिवाय त्याची बँकेच्या कर्जाशी तुलना करता येत नाही.

सरकारी योजना कितपत उपयोगी?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पीएम-विद्यालक्ष्मी योजनेला मंजुरी दिली. राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराविना संपूर्ण खर्चाचे कर्ज मिळावे, हा तिचा गाभा आहे. पहिल्या यादीत ८६० संस्था होत्या. यादी दरवर्षी नव्याने निघते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि इतर सरकारी शिष्यवृत्ती वा व्याजसवलत मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत मिळते. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक वा व्यावसायिक असेल, तर केंद्राच्या दुसऱ्या योजनेतून या काळातील १० लाखांपर्यंतच्या कर्जाचे पूर्ण व्याज सरकार भरते.

या योजनेचा मोठा फायदा तारणातून सुटका हा आहे. व्याजसवलत त्यामानाने लहान आहे. १० लाखांवर ३ टक्के म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ३० हजार रुपये. म्हणून आधी पाहायचे ते आपले महाविद्यालय यादीत आहे का. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशांना ही योजना लागू नाही.

राज्याच्या योजनांनी कर्जाची गरजच कमी होऊ शकते. २०२४-२५ पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिकवणी व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. अभिमत विद्यापीठे आणि संस्थास्तरीय कोटा यातून वगळलेला आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती व शुल्कमाफीच्या योजना आहेत. राज्य इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे. कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी महाडीबीटीवर आपण कुठे बसतो हे तपासले, तर मागायची रक्कम निम्म्याहून कमी होऊ शकते.

या योजनांमुळे महाविद्यालय निवडण्याचा हिशेबही बदलतो. अभिमत विद्यापीठातील जागा आणि केंद्रीय फेरीतील खासगी महाविद्यालयाची जागा यांच्या शुल्कात मुळातच फरक असतो. सवलतीला पात्र मुलीसाठी तो आणखी रुंदावतो. पसंतीक्रम भरतानाच हे माहीत असायला हवे.

३६ लाखांचे १ कोटी कसे होतात?

एक उदाहरण पाहू. समजा, विद्यार्थ्याने पहिली चार वर्षे प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला आठ लाख आणि शेवटच्या सहामाहीसाठी चार लाख उचलले. एकूण ३६ लाख. व्याजदर १० टक्के. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच वर्षे. त्यापुढे बँक एक वर्षाची सवड देते. म्हणजे हप्ते साडेसहा वर्षांनी सुरू होतील.

या साडेसहा वर्षांत बँका सहसा सरळ व्याज लावतात. ते होते १७ लाख रुपये. शिक्षण सुरू असताना काहीच भरले नाही, तर हप्ता सुरू होण्याच्या दिवशी डोक्यावर ५३ लाखांचे कर्ज असते. १५ वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता साधारण ५७ हजार रुपये बसतो. सगळे हप्ते मिळून भरणा होतो १ कोटी २ लाखांहून थोडा अधिक.

आता दुसरा मार्ग. कुटुंबाने दरवर्षी फक्त व्याज भरले. पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ६,७०० रुपये. उचल वाढेल तसे ते वाढत जाऊन पाचव्या वर्षापासून महिन्याला ३० हजार. साडेसहा वर्षांत तेच १७ लाख भरले गेले, पण हप्ता सुरू होताना कर्ज ३६ लाखच राहिले. हप्ता ३८,७०० रुपयांच्या आसपास. एकूण भरणा साधारण ८६ लाख ६० हजार. दोन्हींत फरक जवळपास १६ लाखांचा आणि दरमहा १८ हजारांहून अधिक.

शिक्षण सुरू असताना नियमित व्याज भरणाऱ्याला काही बँका व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. मुलींसाठीही अनेक सरकारी बँकांत दर थोडा कमी असतो. या सवलती धरल्या तर फरक आणखी वाढतो. सगळे व्याज भरणे शक्य नसेल तर निदान पहिल्या दोन वर्षांचे, म्हणजे रक्कम लहान असतानाचे, भरावे. तेवढ्यानेही पुढचा भार हलका होतो.

कर्जाचे घड्याळ आणि डॉक्टरचे घड्याळ

कर्जाचे घड्याळ सरळ चालते. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी १८ वर्षांचा, साडेसहा वर्षांनी पहिला हप्ता, तेव्हा वय साडेचोवीस. अभियंत्याच्या बाबतीत हे गणित जुळते. पदवीनंतर एक वर्ष सरले की बहुतेकांना नोकरी लागलेली असते.

डॉक्टरचे तसे नसते. इंटर्नशिप संपली की नीट-पीजीची तयारी. पहिल्या प्रयत्नात हवी ती शाखा मिळाली नाही तर आणखी एक वर्ष. सरकारी महाविद्यालयातून शिकला असेल तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. ती टाळल्यास राज्यात एमबीबीएससाठी १० लाख रुपये दंड. मग एमडी किंवा एमएसची तीन वर्षे. स्वतःच्या नावापुढे तज्ज्ञ लागेपर्यंत वय २८ ते ३०. या वाटेवर विद्यावेतन मिळते, पण ५७ हजारांचा हप्ता काढून उरलेल्या पैशात मोठ्या शहरात राहणे कठीण जाते. पदव्युत्तर जागाही खासगी संस्थेत मिळाली, तर पहिल्या कर्जावर दुसरे कर्ज चढते.

मग हप्ता कोण भरतो? सहकर्जदार, म्हणजे वडील किंवा आई. प्रवेशाच्या वेळी वडील ४८ वर्षांचे असतील तर पहिल्या हप्त्याला ते साडेचोपन्न वर्षांचे होतात. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या हाती त्यानंतर पगाराची साडेतीनच वर्षे उरतात, आणि कर्ज मात्र त्यांच्या सत्तरीपर्यंत चालते. निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम अशा वेळी कर्जात जाते. धाकट्या भावंडाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, आजीचे आजारपण हे सगळे त्याच वर्षांत उभे असते. विद्यार्थ्याला पीजीची तयारी सोडून मिळेल त्या रुग्णालयात रात्रपाळी धरावी लागते, ती याच टप्प्यावर.

पीजीला प्रवेश घेतल्यास हप्ते पुढे ढकलण्याची सोय काही बँकांत आहे. ती आपोआप मिळत नाही. प्रवेशाचा पुरावा जोडून, पहिला हप्ता थकण्यापूर्वी लेखी अर्ज करावा लागतो. हप्ता थकल्यानंतर गेल्यास तीच विनंती थकबाकीदाराची ठरते. शिवाय पुढे ढकललेल्या काळातही व्याज चालूच राहते.

कॅनडात बँका तारण का मागत नाहीत?

हे घड्याळ वेगळ्या पद्धतीने लावता येते का, हे पाहण्यासाठी कॅनडाचे उदाहरण उपयोगी आहे. तिथे वैद्यकीय शाळेत प्रवेश मिळालेल्या, नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या विद्यार्थ्याला मोठ्या बँका ‘लाइन ऑफ क्रेडिट’ देतात. तिची मर्यादा तीन लाख कॅनेडियन डॉलरच्याही पुढे जाते. घर गहाण ठेवावे लागत नाही. दर बँकेच्या मूळ दराच्या आसपास असतो. लागेल तसे पैसे काढायचे, काढलेल्या रकमेवर व्याज. मुद्दलाची परतफेड वैद्यकीय शाळा आणि त्यानंतरचे निवासी प्रशिक्षण संपेपर्यंत सुरू होत नाही.

याचे कारण बँकांच्या उदारपणात शोधून सापडणार नाही. तिथे जागा मोजक्या आहेत, तिथल्याच वैद्यकीय शाळांतून बाहेर पडणाऱ्या बहुतांश विद्यार्थ्यांना निवासी प्रशिक्षणाची जागा मिळते, निवासी डॉक्टर पगारी असतो आणि पुढे सरकारी आरोग्य विम्यातून उत्पन्नाची बऱ्यापैकी खात्री असते. बँकेला विद्यार्थ्याचे भविष्य दिसते, म्हणून ती भविष्यावर कर्ज देते. आपल्याकडे एमबीबीएसच्या जागा वाढत गेल्या, पदव्युत्तर जागा त्या मानाने कमी आहेत आणि पदवीनंतरची पाच-सहा वर्षे कोणाची कशी जातील हे सांगता येत नाही. बँकेला भविष्य दिसत नाही, म्हणून ती वडिलांचे घर पाहते.

कॅनडाचा मार्गही बिनधोक नाही. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा धोरण दर २०२२ च्या सुरुवातीला ०.२५ टक्के होता; जुलै २०२३ मध्ये तो ५ टक्क्यांवर गेला. ज्यांनी स्वस्त दर पाहून मोठ्या रकमा काढल्या होत्या, त्यांचे व्याज दीड वर्षात कित्येक पट झाले. बदलत्या दराच्या कर्जात आजचा दर हे वचन नसते, हा धडा इथेही लागू पडतो.

व्याजदर आणि करसवलतीचे काय?

बँकांची नवी फ्लोटिंग दराची वैयक्तिक कर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडलेली आहेत. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आला. वीस वर्षांच्या कर्जात असे चढउतार अनेकदा येतील. वरच्या उदाहरणात ५३ लाखांच्या कर्जाचा दर १० ऐवजी ११ टक्के झाला, तर हप्ता सुमारे ३,३०० रुपयांनी वाढतो. मुदतीपूर्वी पैसे भरले तर फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक कर्जावर बँकेला दंड लावता येत नाही. त्यामुळे हाती जादा रक्कम आली की ती मुद्दलात भरण्यात तोटा नाही.

प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०ई ने शैक्षणिक कर्जाचे व्याज उत्पन्नातून वजा करण्याची सोय दिली. रकमेची मर्यादा नाही, पण ही सवलत फक्त व्याजाला आहे, मुद्दलाला नाही. जुनी करप्रणाली निवडली तरच मिळते. आणि व्याज भरण्यास सुरुवात केल्यापासून आठच वर्षे. पहिल्या वर्षापासून व्याज भरले तर ही आठ वर्षे शिक्षणाच्या काळातच बरीचशी संपतात. तरीही केवळ करसवलत वाचवण्यासाठी व्याज साचू देणे बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडणारे नाही.

मंजुरीपत्रात काय पाहावे?

सही करण्यापूर्वी काही गोष्टी मंजुरीपत्रात शब्दांत लिहिलेल्या असाव्यात. तोंडी आश्वासन देणाऱ्या अधिकाऱ्याची पुढच्या वर्षी बदली झालेली असते.

अभ्यासक्रमाचा कालावधी किती धरला आहे : साडेचार वर्षे की इंटर्नशिपसह साडेपाच? या एका ओळीवर पहिला हप्ता एक वर्ष अलीकडे किंवा पलीकडे जातो.

हप्ते सुरू होईपर्यंत व्याज सरळ आहे की चक्रवाढ, आणि ते मुद्दलात कधी मिळवले जाणार.

पीजीला प्रवेश मिळाल्यास सवड वाढवण्याची तरतूद आहे का.

शुल्कवाढ झाल्यास वाढीव रक्कम कोणत्या अटीवर मिळेल.

कर्जासोबत विमा जोडला आहे का. त्याचा एकरकमी हप्ता अनेकदा कर्जातच मिळवला जातो आणि त्यावर व्याज लागते. विद्यार्थ्याला काही झाल्यास कर्ज पालकांवर येते, म्हणून विम्याचे संरक्षण गरजेचे आहे. पण स्वतंत्र मुदत विमा किती स्वस्त पडतो हे ताडून पाहावे.

आणखी एक सापळा फेऱ्यांचा आहे. कर्ज एका ठराविक महाविद्यालयासाठी मंजूर होते. पहिल्या फेरीत मिळालेल्या महाविद्यालयाला बँकेने पैसे पाठवले आणि पुढच्या फेरीत जागा बदलली, तर पहिल्या संस्थेकडून परतावा आणि दुसरीसाठी नवी मंजुरी, असा दुहेरी खटाटोप होतो. मिळालेली जागाच कायम ठेवायची असेल तर ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज वेळेत भरावा. जागा बदलण्याची शक्यता असेल, तर तसे बँकेला आधीच सांगावे.

धावपळ कधीपासून करावी?

निकालानंतर नव्हे, परीक्षेनंतर लगेच. नीट आणि पहिल्या फेरीची यादी यांच्या मधले आठवडे कर्जाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. या काळात पालकांचा पतगुणांक तपासता येतो. जुन्या क्रेडिट कार्डाची किंवा कुणाला राहिलेल्या जामिनाची थकबाकी त्यात दिसली तर मिटवता येते. उत्पन्नाचा दाखला, तीन वर्षांची विवरणपत्रे, घराची मूळ कागदपत्रे, मालमत्ता कराची पावती एका फाइलमध्ये लावता येते. दोन-तीन बँकांत जाऊन तारणाची मालमत्ता दाखवून तोंडी चाचपणी करता येते. महाविद्यालयाचे नाव नसल्याने मंजुरी मिळणार नाही. पण मूल्यांकन आणि मालकीची तपासणी यांतील त्रुटी तेव्हाच कळतात. यादी लागल्यावर मग फक्त निवडपत्र आणि शुल्कपत्र जोडायचे उरते.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही, तर सेवेतील दिरंगाई आणि चुकीच्या आकारणीबाबत रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. कर्ज द्यावे की नाही, हा निर्णय मात्र बँकेचाच राहतो.

आणि पसंतीक्रम भरण्याच्या आदल्या रात्री घरातल्या सर्वांनी मिळून एक तक्ता जरूर मांडावा. एका रकान्यात प्रत्येक महाविद्यालय, दुसऱ्यात तिथे शिकल्यावर पहिल्या हप्त्याच्या दिवशी असणारे एकूण कर्ज, तिसऱ्यात त्या दिवशी वडिलांचे वय. यादीतील एखादे नाव त्यानंतर खाली सरकेल, एखादे वर येईल. काही घरांत आणखी एक वर्ष तयारी करून सरकारी जागेसाठी प्रयत्न करण्याचा निर्णयही होईल. निर्णय कोणताही असो, तो डीडीची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना घ्यावा लागू नये, एवढे तरी कुटुंबाच्या हातात असते.